तुला आवडेल ते लाव

आज परत गोधडी जमिनीवर पसरून बसले आणि परत काही ठरलं नाही. म्हणजे परवा रात्री ठरलं होतं खरं तर. हळदी कापड कडेला ठेवून पाहिलं, दारातून पाहिलं, खुर्चीवर चढून वरून पाहिलं आणि वाटलं, झालं, हेच. मग धाकटीला दोन फोटो पाठवले, एक हळदीचा आणि एक राखाडीचा, कुठली बॉर्डर लावू म्हणून. तिचं उत्तर आलं, "तुला आवडेल ते लाव गं."

एवढंच. आणि तेव्हापासून मी त्या पाच शब्दांत अडकलेय.

पांघरणार ती आहे. मग मला आवडून काय करायचंय? 10 इंचांचे 48 चौकोन, आडवे सहा आणि उभे आठ, प्रत्येकाची शिलाई पाव इंचाची, सूतभर इकडेतिकडे झालं तर उसवून परत घातली, कारण एका शिलाईत सूतभर हललं की आठव्या चौकोनापर्यंत ते बोटभर होतं आणि रांगच जुळत नाही. हे सगळं तिला माहितीये. मी उसवत बसलेली तिने पाहिलंय. तरी "तुला आवडेल ते". बघितले तरी असतील का दोन्ही फोटो नीट, मोठे करून?

ताई म्हणते यात काय लावून घ्यायचं, उलट चांगलंच बोलली की ती. असेल. ताईला कधी कुणाचं काही लागत नाही, तो विषय वेगळा.

आधी तिसरं कापडही होतं, गर्द डाळिंबी. तेच मला सगळ्यात आवडलं होतं, पण भिजवून ओलेपणीच पांढऱ्या फडक्यावर चोळलं तर फडकं गुलाबी झालं. दुसऱ्यांदा धुतलं, परत गुलाबी. पहिल्याच धुण्यात ते मधल्या फिक्या चौकोनांवर उतरलं असतं आणि मग काही करता येत नाही. घडी घालून वर टाकलं.

राहिली दोन. ती नुसती ठेवली की राखाडी अगदी शांत, समजूतदार वाटतं आणि हळदीही काही भडक नाही. पण मोरपंखी चौकोनाला चिकटवलं की हळदी एकदम पेटून उठतं आणि त्याच चौकोनाशेजारी राखाडी तांबूस, थोडं मळल्यासारखं दिसायला लागतं. कापड तेच, उजेड तोच. यावर मागे वाचलं होतं. शेव्रल नावाचा एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होता, गोबेलिनच्या विणकाम कारखान्यात रंगाईचं खातं त्याच्याकडे होतं. तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्याने तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हतीच, शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. यावर त्याने 1839 साली अख्खा ग्रंथ लिहिला. ते आज आठवलं आणि मी फोन उचलून तिचा मेसेज परत वाचला. त्याच्या आधी माझे सलग चार मेसेज होते, जेवलीस का, फोन का नाही केलास, बरी आहेस ना, आणि मग हे दोन फोटो. त्या चौघांच्या शेजारी कुठलंही उत्तर कोरडंच दिसलं असतं.

पण "गं" लिहिलंय तिने. घाईत असती तर "गं" लिहिला नसता. हे मी कितव्यांदा मनात म्हणतेय काय माहीत.

दुपारी शेवटी मापं घेतली, हाताला काम पाहिजे होतं. मागच्या गोधडीला मी कडेकडेने मापलं होतं आणि उरलेली पट्टी सरळ कापून टाकली होती, ती बॉर्डर अजून लाटांसारखी उठते, कितीही इस्त्री करा. कडा हाताळून हाताळून ताणल्या जातात, त्यामुळे माप मधून घ्यायचं. डावी कड 81 भरली, उजवी साडेऐंशी आणि मध्ये बरोबर 80. म्हणजे पट्टी 80 चीच, शिलाईपुरता अर्धा इंच धरून, आणि दोन्ही टोकं, मध्य, मग चतकोर असं टाचण्या लावत गोधडीला तिच्यात बसवायचं, पट्टीला ओढायचं नाही.

आणि मग हिशोब मांडला तर हळदी कापड पुरत नाही! एकच मीटर आहे. पाच इंची बॉर्डरला साडेपाचच्या पट्ट्या, मीटरभरात सात निघतात, कापड 42 इंच रुंद, म्हणजे 294 इंच, सांधे जोडण्यात आणखी तीन जाणार. मला चारी बाजूंना मिळून 300 हवेत. उभ्या धाग्यात कापली तर पट्टी कमी ताणते, पण मग 80 इंच सलग पाहिजे, मीटरभरात ते कुठून आणू. थोडा वेळ तशीच बसून राहिले. दोन दिवस ज्या रंगासाठी जीव टाकला तोच नऊ इंच कमी. डोळ्यांत पाणी आलं, कापडासाठी नसावं.

मग सुचलं की कोपरे वेगळे लावायचे. चारी कोपऱ्यांना एकेक चौकोन दुसऱ्या कापडाचा घातला की हळदी 280 मध्ये भागतं, वर अकरा इंच उरतं. आणि दुसरं कापड राखाडी. म्हणजे तिचा जुना कुर्ता, कोपरावर विरलेला तो, जो टाकून दे म्हणाली होती आणि मी ठेवला. रंगांचा गडद-फिकेपणा बघायला कोपऱ्यावर दोन्ही ठेवून ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढला, तर हळदी कुठे संपते आणि राखाडी कुठे सुरू होते तेच कळेना. रंग काढून टाकले की दोन्ही सारखीच.

तिला विचारलं नाही. मला आवडेल तेच लावतेय. तसं तिनेच सांगितलंय, आणि आता हे वाक्य मला दुपारइतकं टोचत नाहीये. उद्या टोचेल कदाचित. टोचू दे.

संध्याकाळी कुर्ता उसवायला घेतला. पुढचा खिसा काढला तर त्याच्याखालचं कापड अजून पहिल्यासारखं गडद, बाकी सगळा कुर्ता धुऊन धुऊन विटलाय आणि तेवढा एक चौकोन तसाच. पट्टी लावून पाहिलं, साडेपाच इंच बरोबर बसतात त्यात. म्हणजे एक कोपरा बाकी तिघांहून गडद निघणार. तो उशाकडे घेणार आहे, डावीकडे, ती त्या कुशीवर झोपते.