टोकियोत जीभ घासताना

सकाळी सातला आपल्याकडच्या कुठल्याही चाळीत उभं राहा. निम्म्या घरांच्या मोरीतून ‘ऑऽक्, ऑऽक्’ ऐकू येतं. शेजाऱ्यांना कळल्याशिवाय जीभ स्वच्छ होत नाही, अशी आपल्या वडीलधाऱ्यांची ठाम समजूत असावी. टोकियोत आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत. सासरे इकडे राहायला आले, त्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी लिफ्टमध्ये मला हळूच विचारलं, “दाईजोबु देस का?” सगळं ठीक आहे ना?

म्हणून जपानी लोक जीभ घासत नाहीत असं समजू नका. कुठल्याही औषधांच्या दुकानात टूथब्रशच्या शेजारी जिभेचे मऊ ब्रश टांगलेले असतात. दातांच्या दवाखान्यात सफाई करणाऱ्या बाईंनी मला आरसा हातात देऊन रीतसर शिकवणीच दिली. जीभ पूर्ण बाहेर काढायची, क्षणभर श्वास रोखायचा म्हणजे ओकारी येत नाही, आणि ब्रश फक्त आतून बाहेर ओढायचा. दिवसातून एकदाच, सकाळी, अगदी हलक्या हातानं. जिभेच्या मागच्या भागावर, बारीक काट्यांच्या मध्ये, मेलेल्या पेशी आणि अन्नाचे कण अडकतात. तिथले जिवाणू त्यांच्यातली प्रथिनं फोडतात आणि गंधकाचे वायू सोडतात. त्यातला एक म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. तोंडाच्या वासाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं, पोटात नव्हे. आणि पातळ पांढरा थर राहिला तरी चालतो. जीभ गुलाबी होईपर्यंत खरवडायची गरज नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. भारतीय पेशंट आधी पाहिले असणार.

“हे आपलं, आयुर्वेदातलं,” असं सासरे म्हणालेच. बरोबरच आहे. चरकसंहितेत जीभ घासायची पट्टी सोनं, चांदी, तांबं, कथील किंवा पितळेची सांगितली आहे. पण पुढची अट आपण सोयीनं विसरतो: ती वाकडी असावी आणि तिला धार नसावी.

जपानात ही सवय आली ती बौद्ध भिक्षूंच्या वाटेनं. सातव्या शतकात नालंदेत शिकलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूनं भारतातल्या दंतकाष्ठाचं वर्णन करून ठेवलंय. बारा अंगुळं लांब काडी, एक टोक चावून दात घासायचे, मग ती चिरून, वाकवून तिनंच जीभ घासायची. कडुनिंबाची काडी अशी मधोमध फाडणारी माणसं माझ्या आजोळी मी पाहिली आहेत. तीच काडी इथे आली. झेन या बौद्ध पंथाचा जपानी गुरू दोगेन १२२३ मध्ये चीनला गेला, तेव्हा तिथल्या भिक्षूंनी ही काडी सोडून दिलेली त्याला दिसली. त्यांच्या तोंडाचा वास दोन-तीन फुटांवरून येतो, अशी तक्रार त्यानं लिहून ठेवली. त्यानं जीभ घासण्याचे जुने पाच नियमही दिलेत. तीनपेक्षा जास्त वेळा घासू नये. रक्त आलं की थांबावं. हात जोरात हलवून वस्त्र घाण करू नये. काडी लोकांच्या वाटेत टाकू नये. आणि हे सगळं आडोशाला करावं. सासऱ्यांना वाचून दाखवले. पाचव्या नियमावर त्यांनी पेपर वर धरला.

पुढे एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, टोकियोतल्या आसाकुसाच्या देवळाच्या आवारात अशा काड्यांची दुकानंच दुकानं होती. एक टोक कुटून कुंचल्यासारखं केलेलं, दांडा जीभ घासायला. जुन्या चित्रांत बायका ती तोंडात धरून उभ्या दिसतात.

मला खरं कौतुक आहे ते इथल्या वृद्धांच्या निगेचं. जपानी संशोधकांनी अकरा वृद्धाश्रमांत दोन वर्षं पाहणी केली आणि १९९९ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ज्यांचे दात, टाळू आणि जीभ प्रत्येक जेवणानंतर कर्मचारी घासून देत, त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्के. ज्यांची अशी निगा नव्हती, त्यांच्यात १९ टक्के. तोंडातले जिवाणू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात, हे त्यामागचं कारण. आपल्याकडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अंघोळ घालतो, पावडर लावतो, कवळी धुऊन ठेवतो. जीभ मात्र तशीच राहते.

घरी कुणी असं असेल तर मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेलं ओलं गॉज पुरे. आधी त्यांना टेकवून बसवा, हनुवटी थोडी छातीकडे असू द्या. गॉज नीट पिळून घ्या, पाणी घशात ओघळता कामा नये. जेवल्या जेवल्या लगेच करू नका, उलटी होऊ शकते. आणि तांब्याची पट्टी त्यांच्यासाठी अजिबात नको, म्हातारपणी जीभ कोरडी असते, पटकन सोलवटते.