व्हाँदे: 1793 च्या शेतकरी बंडाच्या गावांतून दोन दिवस

मे महिन्यात नान्तला होतो तेव्हा दोन दिवस काढून फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या या भागात फिरून आलो. गाडी भाड्यानं घ्याच, गावं विखुरलेली आहेत.

सुरुवात सां-फ्लोरां-ल-व्हिएयपासून करा. लुआर नदीच्या काठावरचं उंच गाव, 12 मार्च 1793 ला इथं सैन्यभरतीच्या चिठ्ठ्या निघणार होत्या, फ्रेंच क्रांतीनंतर पॅरिसमध्ये आलेल्या नव्या सरकारला 3 लाख माणसं हवी होती, पण पोरांनी चिठ्ठ्या काढूच दिल्या नाहीत. राग आधीपासून धुमसत होता कारण सरकारशी निष्ठेची शपथ न घेणाऱ्या गावच्या पाद्र्यांना सरकारनं हाकललं होतं. कातलिनो नावाचा फेरीवाला तीन महिन्यांत या लोकांचा सरसेनापती झाला! इथल्या चर्चमध्ये बोंशांची समाधी आहे, ती चुकवू नका. मरता मरता या बंडखोर सेनापतीनं सुमारे 5000 सरकारी कैद्यांना जीवदान द्यायला लावलं, आणि समाधीवरचं शिल्प करणाऱ्या दाव्हिद दांझेचे वडील त्याच कैद्यांतले. मी तिथं बराच वेळ नुसती उभी होते.

दुसरा दिवस ले ल्यूक-सुर-बुलोन्यला. जानेवारी 1794 पासून सरकारी जनरल त्युरोच्या तुकड्या गावं जाळत फिरल्या, त्यांना नाव पडलं 'नरकाच्या पलटणी'. इथल्या पाद्र्यानं केलेल्या मेलेल्यांच्या यादीत 564 नावं आहेत, तान्ही बाळंसुद्धा, ती छोट्या चॅपेलच्या भिंतीवर कोरलीत. सगळे एकाच दिवशी मारले गेले का यावर इतिहासकारांत वाद आहे, पण नावं वाचताना घसा दाटतोच. शेजारच्या म्युझियमला अर्धा दिवस ठेवा.

आणि माशकूल वगळू नका प्लीज, तिथं बंडखोरांनी क्रांतीच्या बाजूच्या लोकांना मारलं. एकाच बाजूची स्मारकं बघून परत आलात तर अर्धंच कळेल.

शेतांमधल्या खोलगट वाटांवरून थोडं चालाच. दोन्हीकडे उंच दाट कुंपण, अगदी आपल्या कोकणातल्या पाणंदीसारखं, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, सरकारी फौज इथं का अडकायची ते तिथंच समजतं. पाऊस झाला असेल तर चिखलाचे बूट हवेत.

जेवण दुपारी 12 ते 2 मध्येच उरका, नंतर किचन बंद होतं. शाकाहारी असाल तर इथली मोजेत नावाची पांढऱ्या घेवड्याची उसळ मस्त असते, फक्त डुकराचं मांस न घालता मागा.