२८ सांध्यांत पाय नाहीत

पुण्यातल्या एका संशोधन केंद्रात मी सांधे मोजते. मूळची फिजिओथेरपिस्ट. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांधे सुजवणाऱ्या संधिवाताच्या अभ्यासातल्या प्रत्येक पेशंटचे २८ सांधे दाबून कुठला दुखतो, कुठला सुजलाय ते लिहायचं, हे माझं काम. खांदे, कोपरं, मनगटं आणि गुडघे दोन-दोन, उरलेले २० हाताच्या बोटांचे. दाबायचं अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. दुखणं पेशंट सांगतो, सूज मात्र आपल्या बोटांनाच शोधावी लागते. सांध्याच्या एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूच्या बोटांखाली ओल्या स्पंजसारखं काहीतरी उचलून येतं. हाड वाढलेलं असेल तर टणक लागतं. हा फरक हातात मुरायला वेळ लागतो. म्हणूनच दोन मिनिटांत सगळे सांधे उरकून ओळीने शून्य लिहिणाऱ्यांचा मला राग येतो.

सध्याचा अभ्यास औषध कमी करण्याचा आहे. सांधे, रक्ततपासणी आणि पेशंटचं म्हणणं मिळून आजाराचा जोर सांगणारा डीएएस-२८ हा आकडा लागोपाठ दोन व्हिजिटना २.६ च्या खाली राहिला, तर आजार दबला, म्हणजे रेमिशन, असं धरायचं. मग डोस उतरवायचा आणि आजार उलटतो का ते पाहायचं. प्रश्न रास्त आहे. मेथोट्रेक्सेट या आजारावरचं नेहमीचं औषध, पण त्याने अनेकांना मळमळतं, लिव्हरसाठी रक्त तपासत राहावं लागतं. गरज नसताना कोणी का घ्यावं?

मावळातल्या एका मावशींची ही दुसरी व्हिजिट होती. भाताची लावणी उरकून आल्या होत्या. हात बघून मला खरंच आनंद झाला. आधी ज्यांची मूठ वळत नव्हती, त्यांचा एकही सांधा दुखत नव्हता की सुजलेला नव्हता. रक्तातून दाहाचा अंदाज देणारा ईएसआर १८. आजाराचा एकूण त्रास दाखवायला १०० मिलिमीटरची रेघ असते, तिच्यावर त्यांनी ३० वर खूण केली. गणित मांडलं, २.४४ आलं. रेमिशन.

मावशी खुर्चीवरून उठल्या आणि पहिली पावलं त्यांनी टाचांवर टाकली.

"पाय दुखतात का मावशी?"

"पायाचं हायच की ताई. पण हातानं भाकरी थापतीये आता, मग बरीच म्हणायची ना?"

पायांना हात लावू देईनात. "नगा ताई, पायाला नगा." कसंबसं टेबलावर बसवलं. दोन्ही पावलांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटांत फट होती, पलीकडचा उजेड दिसेल एवढी. बोटाच्या मुळाशी सांधा सुजला की बोटं अशी फाकतात. चवडा दोन्ही बाजूंनी हलकेच आवळला, तशी त्यांनी माझं मनगटच धरलं. उजव्या पायात जोडवं नव्हतं, नुसता वळ होता. रुतायला लागलं म्हणून सोनाराकडून कापून घ्यावं लागलं, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं.

घोटे आणि पावलं त्या २८ मध्ये नाहीत. नेदरलँड्समध्ये १९९० साली डीएएस पहिल्यांदा मांडला गेला तेव्हा त्यात ४४ सांधे होते, पायांचेसुद्धा. १९९५ मध्ये २८ सांध्यांची आवृत्ती आली. ती मोजायला सोपी, आणि शेकडो पेशंटांचे दोन गट ताडून पाहायला आजही पुरेशी आहे. पंचाईत होते ती एका बाईचं औषध उतरवायचं की नाही हे या आवृत्तीवर सोडलं की. सूत्रच असं आहे, की मावशींनी ३० ऐवजी ४० वर खूण केली असती तरी आकडा २.६ च्या खालीच राहिला असता. २०११ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय संघटनांनी रेमिशनची जास्त कडक व्याख्या केली, तेव्हा घोटे आणि पावलंही तपासावीत असं सुचवलं होतं. आमच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी नियमांत, ते उतरलेलं नाही.

अभ्यास बघणाऱ्या आमच्या सरांना बोलावलं. त्यांनी स्वतः दाबून पाहिलं आणि सोनोग्राफीचा प्रोब लावला. डॉपलर चालू करताच बोटाच्या मुळाशी लाल-केशरी ठिपके उमटले. सांध्याच्या अस्तरात रक्त जोरात खेळत होतं, दाह चालूच होता. सरांनी डोस उतरवला नाही. आकडा समोर असताना पेशंटच्या बाजूने उभे राहणारे संशोधक फार थोडे असतात, सर त्यातले आहेत.

पुढे प्रायोजकांच्या मॉनिटर बाई कागद तपासायला आल्या. निकष पूर्ण असून डोस उतरवला नाही, म्हणजे प्रोटोकॉल डेव्हिएशन, नियम मोडल्याची नोंद. पाय हा निकषच नाही, मग त्याची नोंद कशाला? त्या त्यांचं काम करत होत्या, ते मला कळतं. पण कागद जुळला की अभ्यास चोख झाला, या समजुतीने संशोधनाचं फार नुकसान केलंय. डेव्हिएशन लिहिलं गेलं. डेटाबेसमध्ये मावशी आजही २.४४ वर, रेमिशनमध्येच आहेत.

घोटे आणि चवडे तपासणीत घ्या, असं पत्र सरांनी प्रायोजकांना पाठवलंय. उत्तर आलेलं नाही. तोवर प्रत्येक पेशंटच्या मूळ नोंदीत मी ते लिहिते, कोणी मागितलेलं नसलं तरी. राहून राहून मनात येतं ते बाकीच्या केंद्रांचं. डोस उतरवल्यावर तिथे काहींचा आजार उलटेल आणि निष्कर्ष निघेल, की रेमिशन असूनही औषध कमी करणं धोक्याचं. त्यातल्या कितीजणींचा आजार मुळात दबलेलाच नव्हता, पायात धुमसत होता, हे तेव्हा कोणालाच शोधता येणार नाही. तसा रकानाच फॉर्मवर नाही.