कर्वे रस्ता पायाला कळतो तेव्हा

कोथरूडहून पेठांत जाताना उतार, येताना चढ. स्कूटर चालवत होते तोवर हे मला कधी जाणवलंच नव्हतं. सकाळी नळ स्टॉपकडे सायकल आपणहून पळते, आणि संध्याकाळी त्याच रस्त्यावर चेन मागच्या मोठ्या चकतीवर घेऊन दमादमाने चढायचं.

लोकांना वाटतं, मी तब्येतीसाठी सायकल चालवते. तब्येतीला फायदा होतोच, पण मी चालवते ती मजा येते म्हणून, आणि वेळ माझ्या हातात राहतो म्हणून. लकडी पुलावरून सदाशिव पेठेतल्या ऑफिसात पोचायला अर्धा तास पुरतो. गणपतीचे दिवस सोडले तर ऐन गर्दीतही तेवढाच. चारचाकीवाल्याला तो भरवसा नाही.

खरी चैन मंडईत. १८८६ साली बांधलेल्या त्या दगडी इमारतीभोवती लोक गाडी लावायला जागा शोधत फिरतात. मला एक भिंत पुरते. थंडीत मटार स्वस्त झाले की दोन-तीन किलो घेते. पिशवी हँडलला अडकवायची नाही, ती झुलते आणि वळताना पुढच्या चाकाला घासते. मागे कॅरियरवर आडवी ठेवायची आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळायची. ती पट्टी आमच्या पंक्चरवाल्या काकांनी कापून दिली, पैसे घेतले नाहीत. काका ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत असतात तेव्हा मी शेजारच्या बाकड्यावर चहा पिते. रोजच्या ओळखी अशाच झाल्या, थांबता येतं म्हणून.

माझे बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. शिफ्ट सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, प्रत्येकाच्या कॅरियरला डबा. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथलगत ट्रॅकही आहे, पण त्यावर दुचाक्या उभ्या असतात आणि चौक आला की तो संपतो. सायकलवाल्याचा जीव चौकातच टांगणीला लागतो! पट्टे रंगवण्याआधी चौक ओलांडायची सोय करा, एवढंच माझं म्हणणं आहे. ते झालं तर शाळेतल्या मुली पुन्हा सायकलवर दिसतील, आया त्यांना सोडतील.

मैत्रिणी विचारतात, गुडघे दुखत नाहीत का? बहुतेकींची सीट फार खाली असते. पायडल सगळ्यात खाली आणून त्यावर टाच टेकवा. गुडघा सरळ व्हायला हवा. नसेल होत तर सीट वर घ्या. दुकानात पान्याने दोन मिनिटांत करून देतात.