दातांवरचे पांढरे डाग आणि भज्यांचा कागद

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीच्या दातांच्या तारा निघाल्या. दोन वर्षे वाट पाहिलेले सरळ दात दिसले खरे, परंतु वरच्या चार दातांवर, ब्रॅकेट (तार धरून ठेवणारी दातावरची छोटी चकती) चिकटवलेल्या जागेच्या कडेकडेने, खडूने गिरवल्यासारखे पांढरे डाग होते. चिकटवण्याचे सिमेंट राहून गेले असावे असे समजून ती नखाने ते खरवडू लागली, तेव्हा डॉक्टरांनी तिचा हात धरला. ती किडीची पहिली पायरी होती.

कीड म्हटली की आपल्याला काळा खड्डा आठवतो. तिची सुरुवात मात्र पांढरी असते. दातांवरच्या थरातले जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच (आम्लतेचे माप, जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील, म्हणजे दाताच्या कडक बाहेरच्या आवरणातील, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ ते आम्ल निवळवते आणि गेलेले क्षार थोडेथोडे परत बसवते. ही देवघेव दिवसभर चालते. ब्रॅकेटभोवती ब्रश नीट पोहोचत नाही, तिथे जमेपेक्षा खर्च वाढतो. (ब्रश नीट कर, असे मी रोज सांगत होते, नीट म्हणजे कसा, हे मात्र एकदाही दाखवले नव्हते.) या टप्प्यावर वरचा पातळ थर बराचसा शाबूत असतो आणि क्षार गेल्याने सच्छिद्र झालेला भाग त्याच्या खाली असतो, म्हणूनच अशा डागावर टोकदार हत्यार रुतवून पाहणे घातक ठरते, कारण ते वरचे छप्परच मोडते.

पहिले काही महिने डॉक्टरांनी ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे वार्निश लावले, फ्लोराइडची पेस्ट दोन वेळा वापरायला सांगितली आणि ब्रश केल्यावर खळखळून चुळा भरण्यास मनाई केली. हिरडीलगतचे डाग फिके झाले, पण दोन दातांवरचे तसेच राहिले. अशा डागांत वरचा थर क्षारांनी भरून कडक होतो, कीड थांबते, पण आतली छिद्रे रिकामी राहिल्यामुळे पांढरेपणा जात नाही.

त्यासाठी जो उपाय झाला तो बर्लिन व कील येथील संशोधनातून आला असून, २००९ पासून तो ‘आयकॉन’ या नावाने मिळतो. दात रबराच्या पडद्याने वेगळे केल्यावर १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे जेल दोन मिनिटे लावून वरचा थर झिजवतात, ते धुऊन दात सुकवतात आणि मग त्यावर इथेनॉल सोडतात. इथे डॉक्टरांनी मला जवळ बोलावले. हवेच्या झोताने सुकल्यावर चुन्यासारखा उठून दिसणारा डाग इथेनॉलच्या थेंबाखाली जवळजवळ नाहीसा झाला आणि ते उडून जाताच पुन्हा उमटला. “थेंबाखाली जेवढा मावळला, तेवढाच शेवटी मावळेल,” असे त्या म्हणाल्या.

मला भजी बांधून आणलेला कागद आठवला. तेल मुरले की कागदाच्या धाग्यांमधली हवा जाते, प्रकाश विखुरणे कमी होते आणि कागद आरपार दिसू लागतो. पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक; दोन पदार्थांचे आकडे जितके जवळ, तितका प्रकाश कमी विखुरतो. एनॅमलचा अपवर्तनांक १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. म्हणून ओला डाग फिका व कोरडा डाग ठळक दिसतो. इथेनॉलनंतर छिद्रांत मुरवतात त्या पातळ रेझिनचा (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवाचा) अंक १.५ च्या आसपास, म्हणजे एनॅमलच्या बराच जवळ असतो. ते तीन मिनिटे मुरू देऊन निळ्या प्रकाशाने घट्ट केले, आणि मग एकदा थोड्या वेळासाठी पुन्हा मुरवले. ना भुलीचे इंजेक्शन लागले, ना ड्रिल.

खड्डा पडल्यावर मात्र हा उपाय चालत नाही, तिथे दात भरावाच लागतो. आणि दोन दातांच्या फटीतल्या किडीसाठी तो करायचा तर ती किती खोल आहे हे आधी एक्स-रेवर पाहावे लागते. आमच्या बाबतीत एक दात पूर्ण सारखा झाला, दुसऱ्यावर बारीक पांढरी रेघ उरली, जी हसताना दिसत नाही असे मुलीने आरशासमोर बराच वेळ हसून ठरवले. हे रेझिन एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे उद्या दुसऱ्या कुणी डॉक्टरांनी तपासले तर उपचार झाला आहे हे त्यांना कळणार नाही. म्हणून तारीख आणि दातांचे क्रमांक लिहिलेला कागद मी तिच्या लसीकरणाच्या फाइलमध्येच लावून ठेवला आहे.