विल्कोवेपाशी डेड स्लो

२०२३ चा वसंत. इझ्माईलला मका भरून आम्ही समुद्राकडे निघालो होतो. युद्धामुळे ओदेसाकडच्या बंदरांचा भरवसा राहिला नव्हता, त्यामुळे आमच्यासारखी लहान जहाजं डॅन्यूबच्या किलिया फाट्यातून रांगेने ये-जा करत होती. डावीकडे युक्रेन, उजवीकडे रोमानिया.

माल भरला की जहाज किती बसणार ते ठरलं, असं बाहेरच्यांना वाटतं. पण गोड्या पाण्यात जहाज खाऱ्यापेक्षा जास्त बसतं. उथळ पाण्यात वेग घेतला की आणखी खाली ओढलं जातं. वेग दुप्पट, तर ओढ साधारण चौपट. ‘अजून शंभर टन का नाही घेतले?’ असं विचारणाऱ्या ऑफिसातल्यांना हे कोण सांगणार! त्यांनी एवढंच ऐकलेलं, की नदी समुद्राला मिळते त्या पुढच्या बिस्त्रे मुखात युक्रेनने फेब्रुवारीत ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसलेलं चालतं ती मर्यादा, ३.९ वरून ६.५ मीटरवर नेला. त्यावर रोमानियाने घेतलेली हरकत त्यांच्या गावीही नव्हती.

विल्कोवे गाव जवळ आलं आणि पायलटने, म्हणजे नदीची वाट दाखवणाऱ्या स्थानिक जाणकाराने, ‘डेड स्लो’ मागितलं, इंजिनाचा सगळ्यात कमी वेग. खोली मोजणारा इको साउंडर माझ्यासमोर होता, खाली पाणी भरपूर होतं. कॅप्टन कुरकुरला. पायलट त्याच गावचा. म्हणाला, “तिथली जमीन आम्ही हाताने केलीय.”

मग तो बोलत राहिला. रशियन चर्चमधले बदल न मानणारे लिपोवान लोक १७४६ च्या सुमारास या दलदलीत येऊन राहिले. कालवे खणायचे, निघालेला गाळ बाजूला रचायचा, त्यावर घर आणि द्राक्षवेल. गल्लीच्या जागी कालवा, दाराशी होडी. उपसा थांबला की कालवा बुजतो, अंगण खचतं. आमच्या कोकणात खाजणाचा बांध सोडून दिला की होतं तसंच. १८१२ ला रशिया आला, १८५६ ला मोल्दाविया, १८७८ ला परत रशिया, १९१८ ला रोमानिया, मग सोव्हिएत संघ. उपसा कुणाच्याच राज्यात चुकला नाही. बिस्त्रेत ड्रेजर लावून आपण जो गाळ फेकतो, त्याच गाळावर हे गाव उभं आहे.

ऑफिसचा मेल आला: खोली पुरेशी असताना वेग का कमी केला? कॅप्टनने ‘पायलटचा सल्ला’ एवढंच कळवलं. काठ वाचवायला, असं लिहिलं असतं तर त्याचे पैसे कोण भरणार यावरून भांडण जुंपलं असतं.

पण डेड स्लोवरसुद्धा काठच्या बोरूतलं पाणी आधी आत ओढलं जाऊन मग उसळून परत आलेलं मी पाहिलं. मागे आणखी जहाजं होती, आणि सगळ्यांचे पायलट काही विल्कोवेचे नव्हते.