अर्ज कोणाच्या नावे लिहायचा?

आज भांडुपला लेकीच्या शाळेत गेले होते. नववीची मुलं शाळेसमोरच्या तुटलेल्या फुटपाथबद्दल महापालिकेला अर्ज लिहीत होती. एका मुलीने लिहिलं होतं, "इथे कोणीच लक्ष देत नाही." बाईंनी विचारलं, "कोणीच म्हणजे कोण गं?" वर्ग गप्प! मग शोधाशोध झाली. भांडुप 'एस' विभागात येतं, अर्ज सहायक आयुक्तांच्या नावे जातो, नगरसेवक वेगळे आणि आमदार वेगळे. शेवटी ते वाक्य खोडून तिने फुटपाथचं माप, फोटो आणि तारीख टाकली. पोच घ्यायची असते हेही बाईंनी बजावलं.

मला फार बरं वाटलं. नागरिकशास्त्र आपण मार्कांपुरतं वाचलं. राज्यघटनेच्या कलम 51 क मधली 11 मूलभूत कर्तव्यं पाठ करून घेण्यापेक्षा हा एक अर्ज मला मोलाचा वाटतो. 1989 पासून अठराव्या वर्षी मतदान करता येतं, म्हणजे या मुलांच्या हातात जेमतेम चार वर्षं आहेत. आणि शाळा अजूनही नागरिकशास्त्राच्या तासाला गणिताचा जादा तास घेतात, याचा खरंच राग येतो.

पुढच्या आठवड्यात मुलं अर्ज द्यायला विभाग कार्यालयात जाणार आहेत. पालकांपैकी कोणाला सोबत यायचं असेल तर कळवा.